सरी एक बोट आखूड

सरी घरी आली आणि मायच्या गळ्यात बसली नाही. एक बोट कमी पडली.

अर्धं बोट नाही, पाव बोट नाही, पुरं एक बोट. चांदीची सरी, पुढं ठळक, मागं निमुळती होत गेलेली, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्याला कडी. आकडा कडीत अडकला की सरी गळ्याच्या खळगीवर गप बसते, वर सरकत नाही की खाली लोंबत नाही. इथं आकडा एकीकडं आणि कडी दुसरीकडं, मधी मायच्या मानेची कातडी. माझी बायको चांगुणा मागं उभी राहून दोन्ही टोकं ओढत होती.

"आत्याबाई, श्वास सोडा."

"सोडला."

"अजून सोडा."

"अजून सोडला तं जीवच जाईल की माझा!"

तेवढ्यात वस्तीतल्या चार बाया जमल्या. एक म्हणे तेल लावा, दुसरी म्हणे साबण लावा. साबणानं काय चांदी वाढती का? तिसरी म्हणे, दोन दिवस उपाशी राहा, मान उतरंल. माझा बाप ग्यानोबा दाराशी तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. चाळीस वरीस काय अडलं व्हतं सरीबिगर?"

मायनं सरी काढली, पदरात गुंडाळली आणि माझ्याकडं पाहिलं. मी धंद्यानं शिंपी. जातीचा नव्हे, धंद्याचा. कळमनुरीच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वसरीत माझी मशीन आहे. साऱ्या तालुक्याच्या मानांचं माप घेणाऱ्या माणसाच्या मायची सरी आखूड झाली. लोकं हसणार नाहीत तर काय करतील?

ही सरी कशाला पाहिजे होती ते आधी सांगतो, नाही तर वाचणारा म्हणंल, म्हातारीची हौस.

माझ्या धंद्यात गळ्याकडं पाहावं लागतं. पोलक्याचा गळा किती खोल, किती रुंद, हे बाईच्या गळ्यात काय आहे त्यावर ठरतं. ठुशी असली तर गळा मोठा आणि गोल पाहिजे, नाही तर ठुशीचे मणी कापडावर घासतात आणि सोन्याचा दिमाख मरतो. चिंचपेटीला गळा उघडाच पाहिजे. हे सगळं मी शिकलो ते दुसऱ्यांच्या बायकांची पोलकी शिवून. सोन्याची ठुशी पाटलाच्या घरी. चिंचपेटी, वज्रटीक देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या घरी. कुणब्याच्या बाईला चांदीची सरी. तांड्यावरच्या बायांच्या गळ्यात चांदीची हांसली, कोणाच्या बापाला न विचारता. आणि आमच्या बायांना पितळ नाही तर कथील, ते पण बारीक, डोळ्यात भरू नये असं. तांडा सोडला तर गळ्यालगत काय घालायचं ते कधीच गळ्याच्या मालकिणीनं ठरवलं नाही. गावानं ठरवलं. आता हिंगोलीच्या कॉलेजातल्या पोरी सिनेमा पाहून काळ्या मखमलीची पट्टी गळ्याला आवळून बांधतात. दुकानमालकाच्या पोरीला तशी पट्टी मीच शिवून दिली, मागं हूक लावून. तिला लोकं म्हणतात फॅशन. माझी आजी गळ्याला काळा दोरा आवळून बांधायची. त्याला कोणी फॅशन म्हणलं नाही.

माझ्या मायचं माहेर शिरड शहापूर. तिचा मामा नांदेडच्या मिलमध्ये होता. त्यानं लग्नात भाचीला चांदीची सरी घातली. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मिलचा पगार, मिलची मस्ती, त्याला वाटलं नांदेडात चालतं ते गावात पण चालंल. माय सरी घालून सासरी आली. तिसऱ्या दिवशी पाटलानं माझ्या आज्याला वेशीत बोलावलं आणि एवढंच विचारलं, "सुनेच्या गळ्यात काय चमकून राहिलं रे?"

बस. मारलं नाही, शिवी दिली नाही. आज्यानं घरी येऊन सरी उतरवली आणि आठ दिवसांत मोडून टाकली.

पहिल्या खेपेला माय माहेरी गेली तेव्हा तिच्या मामीनं विचारलं, सरी कुठं हाय? माझा मामा जळबा तेव्हा तालमीतला, डोक्यानं तापट. खरं सांगितलं असतं तर तो काठी घेऊन निघाला असता आणि मार खाऊन परत आला असता. मायनं सांगितलं, "पेटीत हाय. जपून ठिवली."

तेव्हापासून चाळीस वर्षं सरी पेटीत आहे. दर लग्नाला, दर मयतीला मामी विचारते, माय सांगते. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मायनं गळ्यातलं पितळ काढून कयाधूच्या डोहात टाकलं. तेव्हापासून गळा रिकामा. पण मामीला सांगायचं तेच, पेटीत हाय.

आता जळबामामाच्या धाकट्याचं लग्न निघालं. मायची मामी, मिराबाई तिचं नाव, ऐंशीच्या घरातली, डोळ्यानं दिसत नाही. तिनं निरोप धाडला. "या लग्नाला चतुरीनं सरी घालून यावं. तिच्या मामाची शेवटली निशाणी हाय. मला मरायच्या आधी हातानं चाचपून पाह्यची हाय."

चतुरी म्हणजे माझी माय चतुराबाई. तिनं दोन हंगाम हळद काढायला, शिजवायला जाऊन चांदी जमवली. मी म्हणालो, "माय, मामीला खरं सांगून टाक. आता कोण काठी घेऊन निघणार हाय?"

"तुला काय कळतं," ती म्हणाली. "तू सरी करून आण."

आणि मी करून आणली, एक बोट आखूड. लग्न रविवारी, आज गुरुवार.

शुक्रवार कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता. मी मायला घेऊन सकाळीच माणिकराव सोनाराकडं गेलो. त्याचं दुकान माझ्या मशीनपासून दहा पावलांवर. माणूस कारागीर आहे, ते नाकारत नाही. त्यानं गाठलेली ठुशी मी पाहिली आहे, मणी असा बसतो की मधी केस जात नाही. पण हात जितका सरळ, डोकं तितकंच वाकडं. आम्ही दुकानाच्या पायरीखाली उभे राहिलो. वर त्याची गादी, गादीपुढं लाकडी फळी, फळीवर पाण्याचा तांब्या.

"माणिकराव, सरी बसत न्हाई."

"काहून बसत न्हाई?"

"एक बोट कमी हाय."

त्यानं मायच्या गळ्याकडं लांबूनच पाहिलं. मग हसला. "गळा फुगला असंल. आजकाल तुमच्या लोकायचे गळे लै फुगून राहिले, मुंजाजी. सरकार खाऊ घालून राहिलं ना."

बाजारातले दोन-चार जण हसले. मी काय बोलणार होतो ते सांगत नाही, छापता येणार नाही. पण मायनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सोनारदादा, माप काढा. मापानं बोलू."

"काढतो की." त्यानं गादीखालून दोरा काढला. मीच दिलेला दोरा. गोधडी शिवायचा जाड, कोरा, सुती दोरा. मायच्या गळ्याभोवती घालून, जरासा सैल ठेवून, दोन्हीकडं गाठ मारून मी आणून दिला होता. मी आधी माझ्या टेपनं माप घेऊन चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, साडेचौदा इंच. तेव्हा माणिकराव म्हणाला होता, "इंच-बिंच आमच्यात चालत न्हाई. इंच कापडाले. दोरा आण." म्हणून दोरा.

त्यानं दोरा सरीला लावून दाखवला. गाठीला गाठ बराबर. "हे पाह्य. तुझा दोरा, माझी सरी. फरक असंल तं सांग."

फरक नव्हता. बाजार माझ्याकडं पाहून राहिला होता. माझं डोकं तापलं आणि त्याच वेळी मला दोरा दिसला. नीट दिसला. दोरा ताठ होता. पीळ आवळला होता. मी दिला तेव्हा तो मऊ, भुसभुशीत होता, आता बैलाच्या वेसणीसारखा कडक.

कोरं सूत पाण्यात भिजलं की आटतं. हे मला कोणी सांगायला नको. मी मांजरपाट भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावत नाही. नवीन गिऱ्हाईक घाई करतं तेव्हा त्याला मी शिव्या देतो, की बाबा, आधी भिजू दे, नाही तर पहिल्याच धुण्याला सदरा तुझ्या बेंबीवर येईल.

दोरा कसा भिजला ते मला माहीत होतं. मी पाहिलं होतं.

मी दोरा आणला त्या दिवशी माणिकराव म्हणाला, "ठिव फळीवर." मी फळीवर ठेवला. त्यानं तांब्यात बोटं बुडवली आणि दोऱ्यावर पाणी शिंपडलं. थोडं नाही, चांगलं ओंजळभर. मग ओला दोरा दोन बोटांनी उचलून खिळ्याला वाळत टाकला. माझ्या मायच्या गळ्याला लागलेला दोरा शुद्ध करून घेतला त्यानं. आणि मी, जो चावडीवर जाऊन भांडतो, जो तहसीलदाराला उभ्यानं सुनावतो, तो मी तिथं उभा राहून बघत होतो. एक शब्द बोललो नाही. म्हणलं, लग्न जवळ आलंय, सरी होऊ दे, मग पाहू. दोन वर्षांमागं मी याच माणिकरावाच्या बंद गळ्याच्या कोटाचं माप घेतलं होतं. माझा टेप त्याच्या मानेला चालला. माझी बोटं त्याच्या कॉलरला चालली. कोट काय, धुतला की झालं. माझ्या मायचा दोरा मातर पाण्याशिवाय चालत नाही.

"माणिकराव," मी म्हणालो, "ह्या दोऱ्याला पाणी लागलंय."

"लागलं असंल. मंग?"

"सुताला पाणी लागलं की ते आटतं."

"हे आता नवीनच! चूक तुमची, अन् दोष पाण्याले?"

मी मशीनकडं गेलो. त्याच लडीतला दोरा आणला, टेप आणला. सगळ्यांसमोर टेपला लावून साडेचौदा इंचावर दोन्हीकडं गाठी मारल्या. मग हॉटेलवाल्याकडून गिलासभर पाणी घेतलं, दोरा त्यात बुडवला आणि माणिकरावाच्याच दुकानाच्या खिळ्याला वाळत टाकला. चैताचं ऊन होतं. बाजाराला तमाशा पाहिजेच असतो. भाजीवाल्या आल्या, गूळवाला आला. माणिकराव म्हणत होता, "दुकानापुढं गर्दी करू नगा, गिऱ्हाईक खोळंबतं," आणि एकही गिऱ्हाईक हलत नव्हतं.

त्यातच जमनाबाई होती, तांड्यावरची. ती सकाळपासून दुकानाच्या पायरीवरच बसून होती. तिच्या हांसलीचं टोक तुटलं होतं ते सांधायला दिलं होतं. सोनारानं दोनदा "आत्ता देतो" म्हणून बसवून ठेवलं होतं. तिनं मायला विचारलं, "काय झालं, बाई?"

मायनं सांगितलं. जमनाबाईनं खिळ्याकडं पाहिलं, दोऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता हा दोरा वाळेस्तोवर माझं काम न्हाई व्हणार, व्हय ना? घ्या! गेला दिवस."

दोरा वाळला. मी काढला आणि टेपला लावला. पावणेचौदा. हातानं ताणून लावला तरी चौदाला पोचला नाही. गूळवाल्यानं स्वतः टेप धरून पाहिला आणि मोठ्यानं सांगितलं, "पाऊण इंच कमी भरून राहिलं, माणिकशेठ."

"असंल," माणिकराव म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण आमाले काय माहीत, सूत आटतं? आमी सोनार हाव, कोष्टी न्हाई."

तेव्हा माय बोलली. "पानी काहून टाकलं व्हतं?"

कशाला टाकलं ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. विचारायचं कोणी नसतं, म्हणून सांगावं लागत नाही.

"रीत हाय," माणिकराव फळीकडं पाहत म्हणाला. "दुकानात देव हाय. बापजाद्यायपासून चालत आलं. त्यात तुमचा अपमान करायचा माझा काय इरादा न्हाई, चतुराबाई."

चतुराबाई! सकाळी गळा फुगलेली होती, आता चतुराबाई झाली.

माय माझ्याकडं वळली. "तू व्हता का तवा?"

खोटं बोलायचं मनात आलं. खरंच आलं. "व्हतो."

"पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

"अन् गप बसला?"

"माय, म्हणलं काम व्हऊन जाऊ दे..."

"काम झालं का?"

नव्हतं झालं. ती पुन्हा माणिकरावाकडं वळली. मी शिव्या खायला तयार होतो, शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सोनारदादा, सरी वाढवून द्या. परवा मला घालायची हाय."

"देतो. तापवून, ठोकून वाढवावी लागंल. जरा बारीक व्हईल, चांदी तेवढीच हाय ना. घरी जाऊन दुसरा दोरा घाला गळ्याला, न भिजवता..."

"दोरा न्हाई," माय म्हणाली. "तुमी माप घ्या. तुमच्या हातानं. हितंच."

माणिकराव गादीवरून अर्धा उठला आणि परत बसला. "मी माझ्या बायकोले बोलावतो आतून. ती घेईल."

"तुमची बायकू सरी ठोकती का?"

"मंग मुंजाजीले घेऊ द्या. त्याचा टेप हाय."

"इंच तुमच्यात चालत न्हाई म्हणला व्हता ना? मुंजाजीनं एकदा घेतलं माप. त्याचं तुमी काय केलं ते पाह्यलं बाजारानं."

"अहो पण..." त्यानं आजूबाजूला पाहिलं. त्याला देवाची भीती नव्हती. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. भीती होती ती गिऱ्हाइकांची. चार दिवसांनी पाटलीणबाईची ठुशी गाठायला येणार होती. ज्या हातानं हिचा गळा मोजला त्याच हातानं तिची ठुशी, असं कोणी जाऊन सांगितलं तर? तो आवाज खाली करून म्हणाला, "आत या. मागच्या दारानं या. आत घेतो माप, पडद्याआड. कोणाले दिसायची गरज काय?"

मी फुटलो. "पडद्याआड? पडद्याआड काय चोरी करायची हाय? दिवसाढवळ्या पाणी शिंपडताना पडदा लागला न्हाई..."

"तू गप," माय म्हणाली. मला, त्याला नाही.

तेव्हा जमनाबाई पायरीवरून उठली. तिला आमच्या भांडणाशी घेणंदेणं नव्हतं. तिचं ऊन वर चढत होतं. "अय सोनार! माझ्या हांसलीचं माप कसं घेतलं व्हतं रे तू? गळ्याला तार लावून घेतलं ना?"

"तुमचं येगळं."

"काय येगळं? मी तांड्यावरची, ती वस्तीवरली, दोघी गावाबाहेरल्याच. तुझ्या देवाला मी चालते, अन् ही न्हाई चालत? देवाचं डोकं फिरलंय का तुझं?" बाजार हसला. ती हसली नाही. "हे पाह्य. हिचं माप घेतल्याबिगर तू माझं काम करणार न्हाई, ते मला कळलंय. मला दोन कोस चालायचं हाय. घेतो का माप? न्हाई तं दे माझी हांसली तशीच तुटकी. हिंगोलीला सोनार हायत. सगळ्या तांड्याची चांदी तिकडं जाईल, मंग बस देव घासत."

तांड्याची चांदी म्हणजे माणिकरावाचं अर्धं दुकान. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. बापजाद्यांची रीत किती पक्की असते ते मी त्या दिवशी पाहिलं. एका बाईनं हिंगोलीचं नाव घेतलं आणि रीत खाली आली.

तो गादीवरून उतरला. पायरीवर आला. हातात चांदी मोजायची बारीक तार. मायनं पदर खांद्यावरून मागं टाकला आणि हनुवटी वर केली. साठीकडं झुकलेली बाई, मान रापलेली, हळदीच्या चुलवणापुढं भाजलेली. माणिकरावानं तार मागून घातली. बोटं लागू नयेत म्हणून तार टोकाला धरली होती त्यानं, त्यामुळं ती सारखी निसटत होती. एकदा निसटली. दोनदा निसटली.

"दादा," माय म्हणाली, "असं धराल तं पुन्हा कमी पडंल. नीट धरा."

मग त्यानं नीट धरली. अंगठा मानेच्या मागं, पहिलं बोट खळगीवर. कारागिराचा हात होता तो. एकदा कामाला लागला की काम करतो. त्यानं बोट आत घालून सैल किती पाहिजे ते पाहिलं. "गिळा," म्हणाला. मायनं आवंढा गिळला. "बोलताना लागत न्हाई ना?" "न्हाई." तार दुमडली, खूण केली. तसं माप मी आयुष्यात घेतलं नाही. मला त्याची कारागिरी पाहून राग आला. एवढं येत होतं, तर पहिल्या दिवशी काय धाड भरली होती?

तो वर चढला. तांब्याकडं त्याचा हात गेला. साऱ्या बाजारानं पाहिलं. माझ्या मुठी वळल्या.

"धुवा," माय म्हणाली. "हात तुमचे हायत. तार भिजली तरी चालंल."

माणिकरावानं हात धुतले की नाही? धुतले. खोटं कशाला लिहू? मान खाली घालून धुतले, आणि मग भाता ओढायला बसला. जमनाबाईची हांसली आधी सांधली, कारण ती डोक्यावर उभी होती. मग आमची सरी तापवली, ठोकली, तारेला लावली, पुन्हा ठोकली. दुपार टळली तेव्हा सरी झाली. मायनं तिथंच, पायरीवर घातली. आकडा कडीत पहिल्या झटक्यात गेला. जमनाबाई तोपर्यंत निघून गेली होती, तिनं मागं वळून पण पाहिलं नाही.

गावाकडं येताना माय पुढं चालत होती. मी म्हणालो, "माय, चुकलं माझं." ती चालत राहिली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "माणिकरावाची रीत हाय, त्यानं सांगितलं. तुझी कोणती रीत व्हती?" एवढंच.

रविवारी आम्ही शिरड शहापूरला पोचलो. मायनं मी शिवलेलं नवीन पोलकं घातलं होतं, गळा मुद्दाम रुंद आणि गोल काढला होता, सरी उठून दिसावी म्हणून. मांडवात शिरल्या शिरल्या बायांनी घेरलं. जळबामामा लांबूनच ओरडला, "निघाली का एकदाची पेटीतून!" मी चांगुणाला हळूच म्हणालो, आता सांगंल बघ. बाजारात सोनाराला खाली उतरवलं, आता इथं कोणाला भ्यायचं? आता छाती ठोकून सांगंल, की मामाची सरी पाटलाच्या एका शब्दावर मोडली आणि ही मी माझ्या हातानं केली.

मिराबाई मामी खाटेवर बसली होती. माय तिच्यापुढं वाकली. मामीनं दोन्ही हात पुढं केले, आधी मायचं तोंड चाचपलं, मग गळा. सरीवरून बोटं फिरवली, पुढून मागं, मागून पुढं. पुन्हा एकदा. तिची बोटं थांबली.

"चतुरे, ही बारीक लागून राहिली गं. तुझ्या मामानं जाड केली व्हती."

मी मायकडं पाहिलं.

"झिजली, मामी," माय म्हणाली. "चाळीस वरीस झाले न्हाई का."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पेटीत ठेवलेली सरी झिजते का? ठोकून वाढवली म्हणून ती बारीक झाली. वाढवावी लागली कारण दोरा आटला. दोरा आटला कारण पाणी टाकलं, आणि पाणी का टाकलं ते साऱ्या कळमनुरीला माहीत आहे. इथंच तेवढं कोणाला कळायचं नाही का?

"मामी, ती झिजली न्हाई..." मी तोंड उघडलं.

"मुंजाजी," माय वळून न पाहता म्हणाली, "तिकडं पंगत बसून राहिली. पत्रावळ्या नेऊन दे."

मी उभाच राहिलो. मामी हसत होती, दात नव्हते तरी हसत होती. तिचा नवरा मिलमधून पगार घेऊन आला तो दिवस तिला दिसत असावा. तिची बोटं मानेमागं आकड्यापाशी पोचली होती.

"बारीक झाली तं झाली," ती म्हणाली. "बसली मातर कशी ठाक! तवा जरा सैल व्हती, नवरी पोरगी लहान म्हणून."

"व्हय, मामी," माय म्हणाली. "आता माप बराबर हाय."

मी पत्रावळ्या उचलल्या आणि पंगतीकडं गेलो.